काळ्या दगडातली भरती

मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. म्हणजे सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. नोकरदाराला ही वेळ गैरसोयीची वाटेल, पण दगडात काम करणाऱ्याला याहून चांगली मिळायची नाही. त्या वेळी ऊन तिरपं असतं आणि तिरप्या उन्हात खडकाचा प्रत्येक खळगा, प्रत्येक धार आपापली सावली घेऊन दिसते. दुपारच्या उन्हात तोच खडक सपाट होतो.

एका संस्थेच्या अंगणासाठी दगडी शिल्प करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांची मागणी एवढीच होती की त्यात मुंबईचा निसर्ग असावा. झाड, पक्षी, लाट असं काही त्यांच्या मनात असावं. माझ्या मनात बरीच वर्षं खडक होता. वांद्र्याच्या कार्टर रोडपासून खार दांड्यापर्यंत ओहोटीला जो काळा पट्टा उघडा पडतो, तिथे मी कोळसा आणि कागद घेऊन बसत आले आहे. मुंबईतला निसर्ग म्हटलं की लोक राष्ट्रीय उद्यानाकडे बोट दाखवतात. ते खरंच आहे. पण रोज दोनदा झाकला आणि दोनदा उघडला जाणारा हा पट्टाही तितकाच रानटी आहे आणि तो बसस्टॉपपासून चालत पाच मिनिटांवर आहे.

तिथे पहिली शिकवणी मला दांड्याच्या एका मावशींनी दिली. त्या छोट्या कोयतीनं खडकावरची कालवं फोडत होत्या. मी अष्टमीच्या सुमारास आले होते आणि पाणी फारसं मागे हटलंच नव्हतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बाय, आता भांग हाय. उधानाला ये, तवा खालचा खडक दिसंल." भांग म्हणजे अष्टमीच्या आगेमागची लहान भरती-ओहोटी, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी. मग तिथीचा हिशोब समजावला. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. छापील कोष्टक याहून अचूक असतं आणि मी ते वापरतेच, पण तो हिशोब डोक्यात बसल्यापासून चंद्राकडे बघितलं तरी किनाऱ्यावर काय चाललं असेल याचा अंदाज येतो.

खडक नीट पाहू लागलं की एक गोष्ट लक्षात येते. समुद्र दगडावर आडवं काम करतो. हा दगड मुळात उभ्या भेगांचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला, आणि असा लाव्हा सावकाश निवताना आक्रसून उभ्या खांबांत फाटतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघा, साधारण 200 फूट उंचीचे बहुकोनी स्तंभ एकमेकांना चिकटून सरळ उभे आहेत आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. माझ्या लेखी ते या शहरातलं सगळ्यात मोठं शिल्प. त्याच लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला. वरळीच्या टेकडीत अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि 1847 मध्ये त्यांची शास्त्रीय नोंद झाली. म्हणजे हा नुसता जळका दगड नव्हे. त्याच्या पोटात पाणी होतं, आणि आता त्याच्या अंगावर पाणी काम करतंय.

पाणी जे काम करतं ते उंचीप्रमाणे बदलतं. खडकाचा सगळ्यात वरचा भाग वर्षातला बहुतेक काळ कोरडा. त्याला फक्त शिंतोडे मिळतात. तिथे बारीक शंखांखेरीज काही नाही, दगड उघडा, करडा-काळा. त्याखाली बार्नेकलांचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या चिमुकल्या कवचवाल्या जीवांचा पट्टा. हे जीव पाण्याखाली असताना कवचाचं दार उघडून पायांनी अन्न ओढतात आणि ओहोटीला दार घट्ट लावून बसतात. त्यांच्यामुळे दगड पांढुरका, खरखरीत होतो, अनवाणी पायाला सोलून काढील असा. त्यात मिसळत कालवांचा पट्टा सुरू होतो, धारदार वाकड्या कडांचा. त्याखाली शेवाळ, समुद्रफुलं (सी ॲनिमोन) आणि मऊ बुळबुळीत अंगाचे जीव, ज्यांना उन्हाचे दोन-तीन तासही पुष्कळ होतात. आणि अगदी तळाला, उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडणारा, सतत ओला असल्यामुळे चकचकीत काळा दिसणारा दगड.

कुठला जीव कुठे बसेल हे त्या उंचीला रोज किती तास पाणी मिळतं यावर बरंचसं ठरतं. म्हणजे खडकावरचे पट्टे हे तासांचे पट्टे आहेत. हे ध्यानात आलं आणि मला माझं शिल्प सापडलं. लाट कोरायची नाही, शिंपला कोरायचा नाही. एकाच उभ्या दगडावर भरतीचे तास दाखवायचे.

आता माप कसं धरायचं? इथे कोळी बांधवांना आणि नाखव्यांना अनुभवानं माहीत असलेली एक गोष्ट कामी आली. भरतीचं पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीला रेंगाळतं, मध्ये धावतं, शेवटी पुन्हा रेंगाळतं. दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. (खडकावर बसणाऱ्यांनी हे जिवासाठीही लक्षात ठेवावं. पाणी वळल्यावर पहिला तासभर काहीच घडत नाहीसं वाटतं आणि मग मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. वांद्र्याच्या खडकांवर माणसं अडकतात ती याच वेळी.)

मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पावसाळ्यात महापालिका इशारा देते. साडेचार मीटर म्हणजे पावणेपंधरा फूट. तेवढा दगड मला झेपणार नव्हता, अंगणालाही नाही. त्याचा तिसरा हिस्सा घेतला, पाच फूट. म्हणजे साठ इंच. आणि साठाचे बारा भाग केले की एकेक भाग बरोबर पाच इंचांचा. सहा पट्टे आपोआप मिळाले: पाच, दहा, पंधरा, पंधरा, दहा, पाच. वहीत हे आकडे मांडले आणि मला त्या दिवशी दुसरं काही करवेना. शिल्पात प्रमाण शोधण्यासाठी माणूस किती खटाटोप करतो, आणि इथे ते समुद्रानं हातावर ठेवलं होतं.

शाडूत लहान नमुने करायला घेतले. गणपतीच्या कारखान्यांमुळे शाडू मुंबईत सहज मिळतो आणि माझा हात त्याच मातीवर तयार झाला आहे. तुलनेसाठी सारख्या उंचीच्या सहा पट्ट्यांचाही एक नमुना केला. तो नीटस होता, पण ठप्प उभा होता. पाच-दहा-पंधराच्या नमुन्यात मात्र नजर खालून वर जाताना मध्ये वेग घेते आणि टोकाला मंदावते. कुणाला हिशोब सांगायची गरजच नाही, डोळा तो करतो. आकारातही थोडा फरक केला. लाटांचा मार मधल्या उंचीवर सगळ्यात जास्त बसतो, म्हणून तिथे दगड कमरेत आत घेतला, समुद्राकडच्या बाजूला अधिक. नमुना प्लास्टरमध्ये ओतून घेतला आणि त्यावर पेन्सिलीनं मापं टाकली.

पण खरा प्रश्न पोताचा होता. बार्नेकल कोरत बसले असते तर ते सजावटीचं काम झालं असतं. शिल्पात जीव दाखवायचे नव्हते, त्यांनी दगडाचं जे केलं ते दाखवायचं होतं. इथे मला दगडानंच वाट दिली. काळा दगड, म्हणजे आपला बेसाल्ट, घाव बसला की फिका पडतो. हातोड्याखाली पृष्ठभागावरचे बारीक स्फटिक चुरडतात, प्रकाश त्यांच्यावरून सगळीकडे विखुरतो आणि दगड राखाडी, कधी जवळजवळ पांढुरका दिसतो. तोच दगड घासत गेलं की गडद होत जातो आणि पूर्ण पॉलिशला खोल काळा होतो. कोरडा खडक करडा आणि ओला खडक काळा दिसतो, त्याचंही कारण हेच. पाण्याचा थर खडबडीतपणा बुजवतो आणि प्रकाशाचं विखुरणं कमी करतो. म्हणजे रंगाचा थेंबही न लावता, एकाच दगडात, नुसत्या हत्यारांच्या फरकानं ओलं आणि कोरडं दोन्ही मिळणार होतं. मुंबईचा समुद्र दाखवायला मुंबईचाच दगड का लागतो, याचं उत्तर माझ्यापुरतं हे आहे. संगमरवर हे करू शकला नसता.

या दगडात काय होऊ शकतं ते बघायला मुंबईकराला लांब जावं लागत नाही. घारापुरीचा सदाशिव साधारण साडेपाच मीटर उंच, डोंगराच्या पोटातच कोरलेला, आणि त्याच्या ओठांवरून ऊन सरकतं तेव्हा हा दगड कठीण आहे हे विसरायला होतं. पण मी कान्हेरीला जास्त जाते. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांतल्या पहिल्या क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलेलं. पूर्ण झालेल्या कामातून कारागीर निघून गेलेला असतो, अर्धवट कामात तो अजून तिथेच असतो. टाकीचे, म्हणजे दगडाच्या छन्नीचे, तिरपे फटकारे कुठून सुरू झाले, हात कुठे बदलला, हे वाचता येतं. शिवाय कान्हेरीच्या पोढ्या. डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी बारीक पन्हळींतून लेण्यांशेजारच्या कोरीव टाक्यांत उतरवलंय. पाणी कसं वाहील याचा इतका बारीक विचार करून दगड तासणारी माणसं या बेटावर होऊन गेली, ही मला फार मोठी ठेव वाटते. अंगणातल्या शिल्पावर पाऊस पडणार, तो कुठून ओघळेल, कुठे साठेल, हे मी त्यांच्याकडे बघूनच ठरवलं. माथ्याला पुढच्या बाजूनं अगदी थोडा उतार दिला.

आणखी एक ठिकाण सांगायला हवं, अलिबागजवळचं सासवणे. गेटवेवरून मांडव्याची लाँच पकडली की जवळच. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं घर तिथे आहे आणि अंगणात त्यांनी सिमेंटमध्ये केलेली म्हैस आहे. सिमेंटसारख्या रुक्ष मालात त्यांनी म्हशीच्या कातडीचा सैलपणा, हाडांवरचा ताण आणलाय. निसर्गाकडून घेणं म्हणजे त्याच्यासमोर किती वेळ बसणं, हे त्या म्हशीजवळ उभं राहिल्यावर कळतं.

दगड आणण्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात कष्ट होते पण नवल नव्हतं. मुंबईतल्या खाणी जवळजवळ बंद झाल्या आहेत, त्यामुळे दगड घाटावरच्या खाणीतून आणला. दीड फूट बाय दीड फूट, उंची साडेपाच फूट, त्यातलं तळाचं अर्धा फूट चौथऱ्यात बसवायच्या खुंटीसाठी. वजन एक टनाच्या आसपास. घेताना हातोडीनं सगळ्या बाजूंनी वाजवून पाहिला. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत भेग असेल तर आवाज बद्द येतो. टेम्पोतून दहिसरजवळच्या शेडपर्यंत, मग चेनपुली, पाइपांचे तुकडे आणि चार माणसं.

सोबतीला एक पाथरवट काका होते. वडार समाजातले, घराणंच दगडाचं. त्यांची आई गल्लोगल्ली फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावायची. मिक्सर आल्यावर ते काम गेलं, पण काकांच्या हातातला ठोका आईचाच आहे, असं ते सांगतात. पट्ट्यांचा नमुना त्यांनी बराच वेळ फिरवून बघितला आणि विचारलं, "ताई, हे देवाचं न्हाई ना?" मी नाही म्हटलं. "मग बरं. देवाला चूक चालत न्हाई, समुद्राला चालंल." मी त्यांना सांगितलं की समुद्रालाही चालणार नाही, आणि एका रविवारी संध्याकाळी त्यांना कार्टर रोडच्या खडकावर घेऊन गेले. ते बार्नेकलांवर उकिडवे बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "हे तर बारीक टाक्याचं काम आहे." त्यानंतर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

काम वरून खाली चाललं. सगळ्यात वरच्या पाच इंचांवर हत्यार लावलंच नाही. खाणीत दगड फुटला तेव्हाचा जो उघडा पृष्ठभाग होता तोच ठेवला, करडा-काळा, शिंतोड्यांच्या पट्ट्यातल्या खडकासारखा. त्याखालचे दहा इंच टाकीचे. टोकदार टाकी, सुतकीचा (पाथरवटाच्या हातोड्याचा) एकसारखा ठोका, प्रत्येक घावाला एक पांढुरका ठिपका. विरळ सुरू करून खाली दाट करत नेलं, कारण किनाऱ्यावरही पहिले बार्नेकल एकटे-दुकटे असतात. काळ्या दगडावर लोखंडी टाकी फार लवकर बोथट होते. काका अजूनही शेडबाहेर छोटा भाता लावून टाकीला पाणी देतात. टोक लाल करायचं, बुडवायचं, परत येणारा रंग बघत थांबायचं. कडक झाली तर तुटते, नरम राहिली तर वळते. मी कार्बाइडच्या टोकाची वापरते, ती टिकते. पण काकांच्या टाकीचा घाव जास्त गोल पडतो हे मान्य करायला हवं, म्हणून तो पट्टा सगळा त्यांच्याच हातचा आहे.

पुढचे पंधरा इंच बार्नेकलांच्या गर्दीचे. इथे बुश हॅमर, म्हणजे तोंडावर दाते असलेला हातोडा. तो एकाच वेळी अनेक ठिकाणी चुरा करतो आणि दगड सगळ्यात फिका इथेच पडतो. संध्याकाळी शेडमध्ये दिवे लावण्याआधी हा पट्टा नुसता उजळून दिसायचा. त्याखालचे पंधरा इंच कालवांचे, आणि मला सगळ्यात प्रिय तेच. बारीक कणांचा बेसाल्ट सपाट फुटत नाही. छन्नी कडेला तिरपी धरून एकच जोरकस घाव घातला की शिंपल्यासारखा वाटोळा, धारदार पापुद्रा निघतो. मी कालवाचा आकार कोरला नाही, दगडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे फुटू दिलं आणि एकावर एक वाकड्या कडा आपसूक आल्या. प्रत्येक घाव एकदाच. इथे दुरुस्ती नाही. त्यामुळे घाव घालण्याआधी उभं राहून बघण्यातच वेळ जायचा.

पट्ट्यांच्या सीमा पट्टीनं आखल्या नाहीत. किनाऱ्यावर त्या सरळ नसतातच. भेग असली की ओल तिथून वर चढते आणि तिच्या मागोमाग जीवही. सावलीच्या बाजूला दगड उशिरा वाळतो म्हणून खालचे पट्टे तिथे थोडे वर सरकतात. अंगणात शिल्प कुठल्या दिशेला तोंड करून उभं राहणार हे ठरलेलं होतं, म्हणून उत्तरेच्या बाजूला मी सगळ्या सीमा दोन-तीन इंच वर घेतल्या. चारही बाजूंनी फिरून पाहिलं की पाण्याची पातळी किंचित कलते. बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या हे लक्षात येतं, पण ज्यांच्या येतं ते पुन्हा एक फेरी मारतात.

खालचे दोन पट्टे घासण्याचे. दहा इंच 400 नंबरच्या पॅडपर्यंत आणून थांबवले. इथे दगड गुळगुळीत असतो पण चमकत नाही, गडद राखाडी, हाताला थंड. शेवटचे पाच इंच पूर्ण पॉलिश. 50 नंबरपासून सुरुवात, मग 100, 200, 400, 800, 1500 आणि 3000. प्रत्येक पॅडनं आधीच्या पॅडचे ओरखडे काढायचे, एकही मागे राहिला तर तो पुढे जास्तच उठून दिसतो. सगळं पाणी मारत, म्हणजे धूळ उडत नाही. धुळीबद्दल एवढंच सांगते की बेसाल्टमध्ये मोकळा क्वार्ट्झ ग्रॅनाइटपेक्षा फारच कमी असला तरी कुठल्याही दगडाची धूळ फुप्फुसांना वाईट. तोंडाला फडकं बांधून भागत नाही, चांगला मास्कच लागतो. काकांनी तो लावावा म्हणून मी शेवटपर्यंत त्यांच्या मागे लागले होते.

पॉलिश चढत असताना तळाच्या पट्ट्यात एक पोकळी उघडी झाली, लिंबाएवढी. लाव्ह्यात अडकलेल्या वायूचा बुडबुडा. पुढे त्यात खनिजं झिरपत जाऊन पांढरे झिओलाइटचे स्फटिक वाढलेले. दगड विकणाऱ्याच्या भाषेत हा डाग. इपॉक्सी आणि दगडाची भुकटी भरून ती बुजवता आली असती. मी आठवडाभर ती तशीच ठेवून येता-जाता बघितली. ओहोटीच्या खडकांत अशाच पोकळ्यांत पाणी राहतं, आणि त्या ओंजळभर पाण्यात एखादा खेकडा किंवा समुद्रफूल पुढच्या भरतीची वाट बघत असतं. सगळ्यात खालच्या पट्ट्यातच ती निघाली. ती तशीच आहे. फक्त कड घासून बोटाला लागणार नाही अशी केली.

शिल्प पावसाळ्याच्या थोडं आधी बसवलं. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी मुद्दाम गेले. दगड वरपासून खालपर्यंत काळा झाला होता, सहाच्या सहा पट्टे नाहीसे. पूर्ण भरती. पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि वाळताना ते एकेक करून परत आले. आधी बुश हॅमरचा फिका पट्टा, मग टाकीचे ठिपके, कालवांच्या कडांखालची ओल सर्वांत शेवटी गेली. दगड ओला झाला की गडद होतो हे मला माहीत होतं, शिल्पाचा सगळा विचारच त्यावर उभा होता. तरी मुंबईचा पाऊस चार महिने रोज हे करत राहील, हे त्या अंगणात उभं राहून बघेपर्यंत मला पुरतं कळलं नव्हतं. संस्थेतल्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवलं की वरून पारदर्शक लेप मारू, दगड बारा महिने ओला आणि काळा दिसेल, छान उठून दिसेल. मी हात जोडून नको म्हटलं. लेप मारला की खडबडीत पट्टे कायमचे गडद होतील आणि ओहोटी कधी येणारच नाही. देखभालीसाठी साधं पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. ॲसिड किंवा तेल लावायचं नाही, असं लिहूनच दिलं आहे.

कागदावर मी अजून एका किनाऱ्याचे खडक जपून ठेवलेत. हाजीअलीच्या आसपासच्या खडकाळ पट्ट्याचा काही भाग आता सागरी किनारा मार्गाच्या भरावाखाली आहे. 2024 पासून त्यावरून गाड्या धावतात. 2020 मध्ये तिथल्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे नेल्या होत्या. खडक मात्र उचलता येत नाहीत. माझ्याकडे त्यांची कोळशातली चित्रं आहेत, उंचीच्या खुणांसकट, कुठल्या भेगेतून ओल किती वर चढत होती यासकट. त्या वहीतून एक तरी दगड करायचा हे मी ठरवून टाकलंय, आणि तो लहान असणार नाही.

सध्या मात्र कांदळवन हातात घेतलंय आणि अडले आहे. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, एका झाडाभोवती शेकड्यांनी. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीला हवा आत जाते. तिथेही सगळं पाण्याच्या तासांवरच चालतं. पण दगडात इतकं बारीक आणि उभं काही टिकत नाही, एका धक्क्यात मोडेल. ब्राँझ ओतावं तर ते टिकेल, पण चिखलाचा मऊपणा धातूत कुठून आणायचा? काका म्हणतात, मुळं करूच नका, त्यांच्यामधला चिखल करा. पौर्णिमेला ऐरोलीच्या खाडीवर जाऊन तो चिखल बघणार आहोत, सकाळी सहाच्या ओहोटीला. काकांना पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघायला सांगितलंय.